कस न लागणारा धातू

मोटारीच्या पोटाखालच्या वस्तूंची आपल्या भाषेने फारशी दखल घेतलेली नाही. 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर'ला 'उत्प्रेरकी परिवर्तक' म्हणता येईल, पण शिवाजी उद्यमनगरात हा शब्द उच्चारल्यास मिस्त्री आपल्याकडे दयेने पाहतील. तिथे तो 'कॅट' असतो, किंवा नुसता 'डबा'. आमच्या गाडीचा डबा गेल्या पावसाळ्यात निकामी झाला. गाडी २०१४ सालची, सेकंडहँड, टर्बो इंजिनाची. मराठीच्या अध्यापकाला न शोभणारी, हे आमच्या विभागात सर्वमान्य आहे. गगनबावड्याच्या चढाला ती जे करते ते मात्र विभागातील कोणी पाहिलेले नाही.

'कॅटॅलिसिस' हा शब्द बर्झेलियसने १८३५ साली रूढ केला. स्वतः न संपता दुसऱ्यांत बदल घडवून आणणे, हा त्याचा आशय. डब्यात असते सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचा अतिसूक्ष्म लेप. त्यावरून जाताना कार्बन मोनॉक्साइडचे आणि अर्धवट जळलेल्या इंधनाचे ज्वलन पुरे होते, नायट्रोजनच्या ऑक्साइडांतला ऑक्सिजन सुटतो. धातू खर्ची पडत नाहीत. ते मरतात ते विषाने. शिशाचे पेट्रोल देशभरातून २००० साली गेले. आमच्या डब्याला भोवले ते तेल. टर्बोचे सील झिजले की इंजिन ऑइल धुराच्या वाटेने उतरते आणि त्यातला फॉस्फरस लेपावर साचतो. म्हणूनच मिस्त्री म्हणाले, "सर, आधी टर्बो बघूया. न्हाईतर ह्यो नवा डबा बी खाईल."

मग निवड. मिस्त्रींचा पहिला पर्याय अस्सल कोल्हापुरी होता: डबाच नको. "सरळ पाइप मारतो. गाडी कशी पळंल बघा!" त्यांचे म्हणणे शास्त्राला सोडून नाही. टर्बोचे चाक बाहेर पडणाऱ्या धुरावरच फिरते. पुढची वाट जितकी मोकळी, तितके ते लवकर गती घेते. पण डबा काढणे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात बसत नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आमची गल्ली अरुंद आहे. सकाळी साडेसहाला आमच्या गाडीमागूनच शाळेच्या रिक्षा निघतात. पीयूसीच्या नळीला नायट्रोजनची ऑक्साइडे दिसत नाहीत. त्या मुलांच्या छातीला ती कळतात.

दुसरा पर्याय 'स्पोर्ट्स कॅट'चा. मूळ जाळीत दर चौरस इंचाला ४०० किंवा अधिक छिद्रे असतात, यात साधारण २००, आणि जाळी धातूच्या पत्र्याची. वाट मोकळी, पण धुराला लेपाचा स्पर्शही कमी. डब्यामागचा सेन्सर तक्रार करतो. त्यावर उपाय म्हणून सेन्सरला मधे एक तुकडा घालून नळीतून मागे ओढतात, म्हणजे त्याला खरे दिसू नये. दिवा विझतो. मुद्रितशोधकाच्या चष्म्याला काजळ फासून पुस्तक निर्दोष ठरवण्याचाच हा प्रकार, आणि आमच्या व्यवसायाला तो मानवणारा नाही.

खरा मोह तिसऱ्याचा होता: बाजारातला स्वस्त डबा. बाहेरून तो मूळ डब्यासारखाच चकचकीत. आत लेप किती, हे कोणी सांगावे? गुजरीत सराफाकडे सोने नेले तर कसोटी आहे. हुपरीच्या चांदीचा कस लावता येतो. कोल्हापूरच्या लेथवर आणि भट्ट्यांत वाटेल तो सुटा भाग घडतो, त्याची जाडी मापता येते. इथे मात्र सारी किंमत ज्या थरात आहे तोच डोळ्यांना दिसत नाही. दुकानदार म्हणाला, "वर्षभर काय होत न्हाई, सर." वर्षानंतरचे त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

शेवटी कंपनीचा मूळ डबाच मागवला. पैसे जुळवायला दोन महिने लागले. तेवढ्या काळात टर्बोचे सील बदलून झाले आणि आम्ही के.एम.टी.च्या बसने कॉलेज गाठले. डबा बसवताना मिस्त्रींनी जुना कापून दाखवला. जाळीचा अर्धा भाग वितळून काचेसारखा झाला होता, उरलेल्यावर राखेचा करडा थर. भंगारवाला तो घ्यायला आधीच दारात उभा होता. त्याने सिरॅमिकचे तुकडे वेगळ्या पिशवीत भरले, पत्रा वेगळा तोलला, आणि पिशवीचा भाव पत्र्याच्या कितीतरी पट सांगितला.