गाडी अण्णांची, साडीगार्ड आईचं

नव्वदच्या दशकात सांगली-मिरजेकडे ज्या घरांत पहिली मोटारसायकल आली, त्या घरांतली आम्ही मुलं आता चाळिशी-पन्नाशीत आहोत. लग्नकार्याला जमलो की गप्पा कुठूनही सुरू होवोत, गाडीवर येतातच. इंजिनाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सीटकव्हर कसलं होतं, लेगगार्ड कुणी वाकवलं, डिक्कीची किल्ली कुणी हरवली, असलंच निघतं. शोरूममधून बाहेर पडलेली गाडी सगळ्यांकडे सारखीच होती. ती घरोघरी वेगळी झाली नंतर जोडलेल्या वस्तूंमुळे. कुठली वस्तू कुणाच्या हट्टानं आली एवढं सांगा, त्या घरात कोण कोण राहायचं ते आम्ही सांगू.

त्याआधी घरात स्कूटर होती. चेतक, नाहीतर आपल्या साताऱ्याला तयार होणारी प्रिया; नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर मिळालेली. पंपावर पेट्रोलात ऑइल मिसळून घ्यायचं, सकाळी ती एका अंगावर कलती करायची, मग किका मारत बसायचं, सुरू झाली की अंगणभर निळा धूर. पण स्कूटरला संसार कळायचा. धाकटं पुढे उभं, थोरलं मध्ये, आई मागे तिरकी, पायाशी गॅसचा सिलिंडर किंवा गव्हाचं पोतं, आणि पंक्चर झालंच तर स्टेपनी. मोटारसायकलवर यातलं काहीच नव्हतं. राजदूत होती, ती दूधवाल्यांची. येझदी हौशी लोकांची. १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १०० कॉलेजातल्या पोरांची. नोकरदार, पोराबाळांच्या माणसाला मोटारसायकल घ्यावीशी वाटायला लागली ती हिरो होंडामुळे. सीडी १०० त्याच १९८५ सालची, शंभर सीसीला जराशी कमी, फोर-स्ट्रोक, आणि लिटरला ऐंशी किलोमीटरचा दावा. पुढे १९९४ साली स्प्लेंडर आली आणि आमच्या चारही चुलत घरांत दोन-चार वर्षांच्या अंतरानं तीच शिरली.

पहिल्या दिवसाची सगळ्यांची आठवण एकच आहे, ती म्हणजे गाडीचा आवाज येत नाही. स्कूटरच्या फटफटाटाला सरावलेले कान. अण्णा गल्लीत शिरले तरी आत पत्ता नसायचा. पूर्वी मारुती चौकातच ओळखू यायचं आणि अभ्यासाची पुस्तकं वेळेत उघडली जायची. शेजारच्या काकांनी तर चालू गाडीच्या सायलेन्सरवर वाकून, ‘बंद आहे काय हो?’ असं विचारलं. घरातल्या मोठ्यांना या शांतपणाचा अभिमान होता. थोरल्या चुलतभावाला मात्र ती गाडी म्हणजे फसवणूक वाटली. त्याला यामाहा हवी होती.

गाडी आधी गणपतीला गेली. सांगलीत नवी गाडी कृष्णेकाठच्या गणपतीसमोर उभी करून नारळ फोडल्याशिवाय ती आपली झाली असं कुणी मानत नाही. आजीनं घरी हळदकुंकू लावलं, लिंबू-मिरची बांधली आणि सांगून टाकलं की मी काही यावर बसायची नाही. ती शेवटपर्यंत बसली नाही. पण लिंबू वाळलं की बदलायचं काम तिचंच होतं.

मग सुरू झालं अण्णांचं पथ्य. पहिले हजार किलोमीटर चाळीस-पन्नासच्या वर जायचं नाही, चढावर जोर द्यायचा नाही, गाडीला ‘बसू द्यायचं’. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि बोअर एकमेकांवर घासून जुळेपर्यंत हे पाळायचं असतं. अण्णांनी ते इतकं पाळलं की मिरजेच्या रस्त्याला ऊस भरलेला ट्रॅक्टरही आम्हाला ओव्हरटेक करून गेला, असं बहीण अजून सांगते. पहिल्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकनं खालचा नट काढून ऑइल पत्र्याच्या थाळीत सोडलं, थाळी उन्हात जराशी कलती केली आणि आम्हा पोरांना बोलावून दाखवलं. काळ्या ऑइलात बारीक चमचम होती, चांदीची पूड पडावी तशी. ते लोखंड-ॲल्युमिनियमचे कण. ‘हे बाहेर पडलं, आता गाडी पळवा,’ तो म्हणाला. अण्णा तरी पन्नासवरच राहिले. जळकं ऑइल डब्यात घालून घरी आलं. सायकलच्या चेनीला, फाटकाच्या बिजागरीला आणि वाळवी लागलेल्या वाशाला ते पुढे दोन पावसाळे पुरलं.

ॲव्हरेजची वही हा स्वतंत्र विषय आहे. टाकी गळ्यापर्यंत फुल करायची, आकडा टिपायचा, पुन्हा फुल करायची, भागाकार. तो आम्ही करायचा आणि अण्णा तपासायचे. बापूकाकांची गाडी आमच्याहून दोन किलोमीटर जास्त द्यायची, यावरून दोन भावांत जे काही चालायचं ते वाटणीच्या वेळीही झालं नाही. काका उतारावर इंजिन बंद करतात असा अण्णांचा आरोप होता. तो काकांनी ना कधी मान्य केला, ना फेटाळला.

पण खरी गाडी घडली स्टेशन रोडवरच्या ॲक्सेसरीच्या दुकानात. मोटारसायकल फार तर दोन माणसांच्या बेतानं केलेली असते. तिच्यावर चार माणसं, एक पिशवी आणि दुधाची किटली बसवायची म्हणजे लोखंड वाढवणं आलं. सगळ्यात आधी साडीगार्ड. खरं तर तो कायदाच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम म्हणतो की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं, शिवाय धरायला काहीतरी हवं आणि पाय ठेवायला जागा हवी. आईला नियम ठाऊक नव्हता, साडी ठाऊक होती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि दुकानात टांगलेल्या एकेका गार्डाच्या सळयांतून आरपार घालून पाहिलं. ज्यातून टोक गेलं ते बाद. शेवटी तिनं निवडलेलं गार्ड इतकं दाट जाळीचं आणि जड होतं की अण्णांनी ॲव्हरेज पडेल म्हणून कुरकुर केली. तिनं ऐकलं नाही, वर डाव्या अंगाला पाय ठेवायची लांब पट्टीही जोडून घेतली. सायलेन्सर उजवीकडे, त्यामुळे डावीकडे तिरकं बसणं पोटरीलाही सोयीचं.

लेगगार्ड आमच्यासाठी होतं, निदान आम्हाला तसं वाटायचं. स्कूटरवरची उभी राहायची जागा गेली, म्हणून धाकटं टाकीवर आलं आणि त्याचे पाय लेगगार्डावर. टाकीवर रेक्झिनचं फोम घातलेलं कव्हर आलं तेही त्याचसाठी. दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या टाकीवर अर्ध्या चड्डीत बसून पाहिलेल्यांनाच त्या कव्हराची किंमत कळेल. आमचं कव्हर मरून होतं असं मी म्हणतो, बहीण निळं म्हणते, आणि तिच्याकडे फोटो आहे. पण तो कृष्णधवल आहे. त्या कव्हराखाली पावसाचं पाणी साठायचं. काही वर्षांनी गाडी विकायला काढली तेव्हा ते सोललं. टाकीच्या कडेला गंजाची रेघ आणि मधोमध नव्यासारखा चकचकीत काळा रंग, जो आम्ही कुणीच पहिल्या आठवड्यानंतर पाहिला नव्हता. घेणारा त्या रंगावर खूष झाला. सीटवरचं शोरूमचं प्लॅस्टिक फाटेपर्यंत न काढणं, त्यावर कव्हर, त्यावर पावसाळ्यात पिशवी, ही आपल्या लोकांची काळजी मला आजही कळत नाही आणि मी स्वतःही तेच करतो.

डिक्की उजव्या बाजूला. तिच्यात फडकं, जुना प्लग, प्लगपाना, आरसी बुकाची झेरॉक्स, अण्णांचा रेनकोट आणि वर उरलेल्या जागेत भाजी. झाकण खडखडायचं म्हणून आईनं सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून आतून लावली. तीस वर्षांपूर्वीचा तो जुगाड मी अजून वापरतो.

दादा कॉलेजात गेला आणि उलटा प्रवास सुरू झाला. विलिंग्डनच्या स्टँडवर साडीगार्ड लावलेली गाडी उभी करणं म्हणजे इज्जतीचा प्रश्न. तो घरून निघाला की कोपऱ्यावरच्या मित्राकडे थांबायचा, पाना घेऊन गार्ड उतरवायचा, संध्याकाळी पुन्हा बसवायचा. लेगगार्ड, डिक्की, मडफ्लॅप, सगळं काढता येतं असा शोध त्याला लागला होता. हँडलच्या गोंड्यांवर मात्र त्याचा राग नव्हता. ते त्यानंच आणले होते. शिवाय टाकीवर रेडियमचा वाघ. एकदा आत्या पंढरपूरहून आल्या, बसस्टँडवर त्यांना आणायला दादाच गेला आणि गार्ड मित्राकडेच राहिलं. आत्या मागे बसल्या, सवयीनं पदर सावरायला हात खाली नेला आणि तिथे काहीच नाही. त्या उतरल्या. ‘गाडी नागडी फिरवतोस होय रे?’ असं भर स्टँडवर विचारून त्या रिक्षानं घरी आल्या.

नंबरप्लेट हे पेंटरचं काम होतं. एमएच १० च्या पुढे काय आलं आहे यावर कलाकारी ठरायची. ४१४१ मिळालेला ‘दादा’ लिहून घ्यायचा, २१४ वाला ‘राम’. पोलिसांनी धरलं की दंड भरून पुन्हा तसंच. खाली ‘आई-बाबांचा आशीर्वाद’. २०१९ पासून नव्या गाड्यांना कंपनीकडूनच हाय सिक्युरिटी प्लेट येऊ लागली आणि ती हौस संपली. पेंटर आता दुकानांच्या पाट्याही करत नाही, फ्लेक्सनं तेही काम नेलं.

बापूकाकांच्या नातवानं मागल्या दसऱ्याला स्प्लेंडर प्लस एक्सटेक घेतली. पुढे डिजिटल मीटर, फोनला जोडता येतं, चार्जिंगचा पॉइंट कंपनीचाच. चोक नाही, टाकीखाली पेट्रोलचा कॉक नाही. २०२० नंतरच्या या गाड्यांत इंजेक्शन आलं. हेडलाइट तर बंदच होत नाही, २०१७ पासून तसा नियमच आहे. काका एक चक्कर मारून आले ते वैतागूनच, कारण विश्रामबागेपर्यंत तीन जणांनी त्यांना हातानं खुणा करून ‘लाइट चालू आहे’ असं सांगितलं आणि त्यांनी बटण शोधशोध शोधलं. गाडी घेताना पोरगा म्हणाला होता, मी एकटाच फिरणार, मला मोबाइल होल्डर सोडून काही नको. त्याच्या आईनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, शोरूमच्या बिलावरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘साडीगार्ड यात धरलंय ना?’ त्या साडी नेसून गाडीवर बसल्याला दहा वर्षं झाली असतील. ‘ओढणी असते,’ त्या म्हणाल्या, ‘आणि उद्या सून येईल.’ पोरगा लाजला, सेल्समननं खूण केली. लेगगार्डही धरलं गेलं. सीटकव्हरवर थोडी घासाघीस झाली आणि ते फुकटात मिळालं.

‘ॲव्हरेज किती देते?’ काकांनी विचारलं.

पोरानं मीटर दाखवला. चालता चालताच आकडा येतो.

‘ते गाडीचं म्हणणं झालं,’ काका म्हणाले. ‘टाकी फुल कर आणि वही आण.’