जेनने दोनदा 'नाही' म्हटले

मुलांनो, गोष्टीची नायिका म्हटली की ती रूपवान असणार, असे आपण धरूनच चालतो. उर्दू दास्तानांत तुम्ही परीसारख्या सुंदर शहजादींची वर्णने वाचली असतील. आज मी तुम्हांला जिच्याकडे नेणार आहे, ती मुलगी दिसायला साधी, अंगाने किरकोळ आणि पैशाने गरीब आहे. तिचे नाव जेन आयर. शार्लट ब्राँटे या इंग्रज लेखिकेची याच नावाची कादंबरी १८४७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. बाईने लिहिलेले पुस्तक त्या काळी लोक मोकळ्या मनाने वाचत नसत. म्हणून शार्लटने 'करर बेल' हे टोपणनाव घेतले. ते पुरुषाचे की स्त्रीचे, हे कोणालाच कळू नये!

शार्लट ही यॉर्कशायरमधील एका धर्मोपदेशकाची मुलगी. लहानपणी ती ज्या निवासी शाळेत होती, तेथे तिच्या दोन मोठ्या बहिणी आजारी पडल्या आणि १८२५ साली वारल्या. पुढे तिने श्रीमंतांच्या घरी राहून त्यांच्या मुलांना शिकवण्याची नोकरी केली. तेव्हा जेनचे दुःख तिने ऐकीव लिहिलेले नाही.

जेन अनाथ असते. ती मामीच्या घरी वाढते. मामेभाऊ तिला पुस्तक फेकून मारतो आणि खोलीत कोंडले जाते ते मात्र जेनलाच. मग एका धर्मादाय शाळेत तिची आठ वर्षे जातात. अठराव्या वर्षी ती थॉर्नफील्ड नावाच्या मोठ्या वाड्यात एका लहान मुलीची शिक्षिका म्हणून येते. पगार वर्षाला ३० पौंड.

वाड्याचा मालक रॉचेस्टर तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा, तापट आणि लहरी असतो. तरी दोघांचे मन जुळते. येथे एक छोटा प्रसंग आहे, तो मला फार आवडतो. मामी मरणाच्या दारात आहे, असा निरोप येतो. जेन जायला निघते. तिचे १५ पौंड पगाराचे येणे असते. रॉचेस्टर ५० पौंडांची नोट पुढे करतो. जेन ती घेत नाही. आपले येणे तेवढेच घेणार, असे ती सांगते. शेवटी तो १० पौंड देतो आणि ५ पौंड त्याच्याकडे बाकी राहतात! लग्न ठरल्यावर तो तिच्यासाठी रेशमी कपडे आणि दागिने घ्यायला निघतो, तेव्हाही ती त्याला आवरते. तिचे त्याच्यावर प्रेम आहे, पण कोणी आपल्याला बाहुलीसारखे सजवावे, हे तिला सोसत नाही.

लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये एक वकील उभा राहतो आणि सांगतो, की हे लग्न होऊ शकत नाही. रॉचेस्टरची पत्नी जिवंत आहे. ती वेडी झालेली असते आणि त्याच वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर तिला कोंडून ठेवलेले असते. (त्या बिचारीचे म्हणणे कादंबरीत कोणीच ऐकत नाही. पुढे १९६६ साली जीन ऱ्हिस या लेखिकेने तिच्या बाजूने एक निराळी कादंबरी लिहिली.) पहिली पत्नी असताना दुसरे लग्न इंग्लंडच्या कायद्यात बसत नव्हते. रॉचेस्टर जेनची विनवणी करतो, की आपण फ्रान्सला जाऊ, तेथे पतिपत्नीसारखे राहू.

ही गोष्ट वर्गात सांगताना एका मुलीने मला विचारले होते, "सर, जेनला आई नाही, बाप नाही. ती त्याच्याबरोबर गेली असती, तर कोणाचे मन दुखावले असते?" प्रश्न चांगला होता. रॉचेस्टरही नेमके हेच म्हणतो. जेनजवळ याचे उत्तर आहे. जगात आपली काळजी करणारे कोणी नसेल, तर आपणच आपला मान राखला पाहिजे, असे तिला वाटते. ती असेही म्हणते, की नियम हे मोहाच्या वेळेसाठीच असतात. मन शांत असताना त्यांची गरज कोणाला? हे बोलताना तिचे प्रेम कमी झालेले नसते. उलट ते पूर्ण आहे, म्हणूनच तिचा जीव तुटतो.

पहाटे ती गुपचूप निघते. त्याने दिलेली मोत्यांची माळ ती मागेच ठेवते. जवळचे २० शिलिंग घोडागाडीवाल्याला देते आणि तिचे गाठोडे गाडीतच राहून जाते. मग ती माळरानावर झोपते, भाकरीच्या तुकड्यासाठी गळ्यातला रुमाल देऊ पाहते. एक मुलगी डुकरापुढे टाकायला निघालेली गार लापशी ती मागून घेते आणि खाते. 'नाही' म्हणण्याची किंमत लेखिकेने लपवलेली नाही.

अखेर सेंट जॉन रिव्हर्स नावाचा तरुण धर्मोपदेशक आणि त्याच्या बहिणी तिला आसरा देतात. पुढे तो तिचा आतेभाऊच निघतो. चुलत्याच्या मृत्यूनंतर मिळालेल्या २०,००० पौंडांचे चार सारखे वाटे करून जेन तीन वाटे या भावंडांना देते. आता पुढची गंमत ऐका. सेंट जॉनला धर्मप्रसारासाठी हिंदुस्थानात यायचे असते. तो जेनला हिंदुस्थानी भाषा शिकवू लागतो. त्या काळचे इंग्रज जिला हिंदुस्थानी म्हणत, ती बहुतांशी तुमची उर्दूच. इंग्लंडच्या थंडीत बसून जेन तुमच्या घरातली भाषा गिरवत होती!

सेंट जॉन तिला लग्नाची मागणी घालतो. मात्र त्याला पत्नी हवी असते ती कामासाठी. जेन त्याला सांगते, की बहीण म्हणून मी तुमच्याबरोबर येईन, पत्नी म्हणून येणार नाही. रॉचेस्टरजवळ प्रेम होते, पण लग्न होऊ शकत नव्हते. येथे लग्न होऊ शकते, पण प्रेम नाही. मला हा दुसरा नकार अधिक अवघड वाटतो. मोहाला नकार देताना धर्म आपल्या बाजूला उभा असतो. येथे तर समोरचा माणूसच धर्माच्या नावाने बोलत असतो.

जेन रॉचेस्टरकडे परतते, तेव्हा वाडा जळून गेलेला असतो. त्या आगीतच त्याच्या पत्नीचा मृत्यू झालेला असतो. तिला वाचवायला गेलेला रॉचेस्टर आंधळा झालेला असतो, त्याचा एक हातही गेलेला असतो. आता जेन कोणाची नोकर नाही. तिचे स्वतःचे पैसे आहेत, आणि ती आपल्या इच्छेने आलेली आहे. या वेळच्या लग्नाला ना दागिने, ना पाहुणे. लग्न करून आल्यावर जेन सरळ स्वयंपाकघरात जाते आणि स्वयंपाकिणीला सांगते, "मेरी, आज सकाळी माझे आणि मालकांचे लग्न झाले." मेरी चुलीवर कोंबड्या भाजत असते. तिच्या हातातला डाव बराच वेळ तसाच हवेत राहतो.