म्लादा बोलेस्लावची कॉम्बी

प्रागहून ईशान्येला साधारण ६० किलोमीटरवर, यिझेरा नदीकाठी म्लादा बोलेस्लाव नावाचे गाव आहे. जमशेदपूर म्हटले की पोलाद आठवावे, तशी या गावाच्या नावाबरोबर मोटार आठवते. क्लेमेंट नावाच्या पुस्तकविक्रेत्याने आपल्या सायकलीची तक्रार चेक भाषेत लिहून पाठवली, तेव्हा जर्मन कंपनीकडून जबाब आला की, समजेल अशा भाषेत लिहा! गृहस्थ इरेला पेटले. लाउरिन या कारागिराला जोडीला घेऊन १८९५ साली त्यांनी सायकलींचा धंदा काढला, १९०५ साली मोटार केली आणि १९२५ साली हा कारखाना स्कोडात विलीन झाला. त्याच स्कोडाचा कारखाना २००१ साली आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आला.

या देशातल्या लोकांना कॉम्बी, म्हणजे पाठीमागे सामानाची ऐसपैस जागा असलेली एस्टेट गाडी, फार प्रिय. शुक्रवार दुपार झाली की प्रागकर रानातल्या आपल्या छोट्या घरांकडे निघतात. जाताना डिकीत कुत्रा, येताना सफरचंदांची पोती आणि अळंब्यांच्या टोपल्या! १९६१ साली निघालेल्या ऑक्टाव्हिया कॉम्बीपासून ही हौस चालत आली आहे.

माझा धाकटा भाऊ प्रागला असतो. घरात नवरा-बायको, आठ महिन्यांची लेक आणि आमची आई. त्यांना हवी होती फाबिया कॉम्बी. लांबी अवघी सव्वाचार मीटर, पण डिकी ५३० लिटरची. त्या वेळच्या साध्या फाबियाची होती ३३० लिटरची. मागची सीट पाडली की १३९५ लिटर! मात्र २०२२ साली ही गाडी बंद झाली, तेव्हा जुन्यातलीच शोधणे आले.

विक्रेत्याकडे दोन गाड्या होत्या. एक लालचुटूक, मोठ्या चाकांची. भावाची नजर तिच्यावरून हलेना. दुसरी राखाडी, साधी आणि स्वस्त. सूनबाई मात्र बाबागाडी आणि सासूबाई दोघींना बरोबर घेऊनच आली होती. म्हणाली, "भाऊजी, जाहिरातीतली लिटरं मला कळत नाहीत. बाबागाडी घडी न करता आत जाते का, तेवढं बघू या."

दोन्हींत गेली. मग आईची पाळी. गुडघ्यांनी बेजार झालेली आई लाल गाडीतून हात धरल्याशिवाय उठेना. राखाडीची पुढची सीट वर उचलता येत होती; तिच्यातून ती आपली आपण उतरली.

"हीच घ्या बाई. प्रत्येक वेळी कोणाला हाक मारायची?" आई म्हणाली.

मग भावाने डिकीतला गालिचा उचलून ओल पाहिली, थंड इंजिन सुरू करून ऐकले, तांत्रिक तपासणीचा कागद मागितला. ही तपासणी तिथे नव्या गाडीला ४ वर्षांनी आणि पुढे दर २ वर्षांनी करावीच लागते. वाचलेल्या पैशांत हिवाळी टायर आले. नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर बर्फ असेल तर ते सक्तीचेच.

वाचकहो, गाडी कुठलीही घ्या. पण पाहायला जाताना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या. पसंती त्यांची घ्या, रंग मागाहून बघा.