वॉकर : पायांनी कमावलेले आडनाव

१/ मुलतानी मातीच्या पुडीवर अनेकदा इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ असे छापलेले असते. ‘अर्थ’ म्हणजे माती. पण हा फुलर कोण? तो कोणी शास्त्रज्ञ नव्हता की व्यापारी नव्हता. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये कापड तुडवणाऱ्या कारागिराला ‘फुलर’ म्हणत. त्याच कारागिराचे दुसरे नाव टकर आणि तिसरे वॉकर. तिन्ही नावांची पुढे आडनावे झाली. त्यांपैकी सर्वांत दूरवर पसरलेल्या वॉकर या आडनावाची ही कथा.

२/ मागावरून नुकतेच उतरलेले लोकरी कापड सैल विणीचे आणि तेलकट असते. ते लाकडी हौदात टाकून त्यावर पाणी, ही विशिष्ट माती आणि साठवून शिळे केलेले मूत्र ओतले जाई. मूत्रातील अमोनिया तेल सोडवी, माती ते शोषून घेई. मग कारागीर अनवाणी पायांनी तासन्‌तास ते कापड तुडवत राही. लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतत, कापड आटे आणि दाट होई. त्या थंड, पावसाळी देशात अंगावर टिकणारे वस्त्र असे तयार होत असे.

३/ काम एकच, पण प्रदेशागणिक नाव निराळे. आग्नेय इंग्लंडात ‘फुलर’ रूढ होते; त्याचे मूळ लॅटिन ‘फुल्लो’ या शब्दात आहे. डेव्हन, सॉमरसेट या नैर्ऋत्य भागात ‘टकर’ म्हणत. छळणे, पीडा देणे अशा अर्थाच्या जुन्या क्रियापदावरून तो शब्द आला. एक्सेटर शहरात या कारागिरांच्या श्रेणीने १४७१ मध्ये बांधलेले ‘टकर्स हॉल’ आजही उभे आहे. यॉर्कशायर, लँकेशायर अशा उत्तरेकडील मुलखात मात्र ‘वॉकर’ हाच शब्द चाले.

४/ वॉकर म्हणजे चालणारा, असे आज कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात जुन्या इंग्रजीतील ‘वेआल्कन’ या क्रियापदाचा अर्थ घोळणे, लोळवणे, उलटसुलट करणे असा होता. त्यावरून कापड तुडवणारा तो ‘वेआल्केरे’. पायी चालणे हा अर्थ त्या क्रियापदाला बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास चिकटला. पुढे तोच उरला आणि जुना अर्थ मागे पडला. आडनावाने मात्र जुना अर्थ पोटात तसाच जपून ठेवला.

५/ ही नावे प्रारंभी वंशपरंपरागत नव्हती. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर विल्यम, जॉन, रॉबर्ट अशी मोजकीच नावे फार लोकप्रिय झाली. एका गावात पाच जॉन असले, तर कोणता जॉन हे सांगण्यासाठी धंदा, गाव किंवा बापाचे नाव जोडावे लागे. वॉकरच्या मुलाने भटारखाना काढला, तर तो बेकर होई. तेराव्या-चौदाव्या शतकांत जमिनीचे हक्क, न्यायालयांचे दस्तऐवज आणि करांच्या नोंदी वाढत गेल्या, तशी ही जोडनावे स्थिरावली. १३७७, १३७९ आणि १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्यांत धंद्यांवरून पडलेली अशी नावे ओळीने आढळतात.

६/ इतिहासाचा विरोधाभास असा की नाव कायमचे चिकटत होते, त्याच काळात पाय मात्र हौदातून बाहेर निघत होते. पाणचक्कीच्या बळावर उचलले जाणारे लाकडी हातोडे कापड कुटू लागले होते. इंग्लंडमध्ये अशा गिरण्यांचे उल्लेख ११८५ च्या टेम्पलर पंथाच्या मालमत्ता-नोंदीत सापडतात. पुढच्या शतकात त्या नदीकाठी पसरल्या. उत्तरेत त्या गिरण्यांनाही ‘वॉक मिल’ हेच नाव पडले. यंत्राने माणसाचे काम घेतले आणि त्याचे नावही घेतले.

७/ स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवर हे काम विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माणसांच्या अंगबळावरच चालले. तेथे ते स्त्रिया करीत. फळीभोवती बसून त्या ओले कापड आपटत, पुढे सरकवत आणि त्या ठेक्यावर गेलिक गीते गात. तेथील गीतांचा एक मोठा ठेवा याच श्रमातून जमला. श्रमावरून पडलेले आडनाव मात्र बापाकडून मुलाकडे जात राहिले. ज्या हातांनी हे काम शेवटपर्यंत केले, त्यांच्या वाट्याला गीते आली.

८/ धंदा विस्मृतीत गेला, तसा नावाचा अर्थही गेला. १८२० मध्ये स्कॉटलंडमधील किल्मार्नॉक येथे जॉन वॉकर या तरुणाने किराणा मालाचे दुकान थाटले. त्याच्या घराण्याची व्हिस्की पुढे जगभर गेली. १९०८ मध्ये टॉम ब्राउन या चित्रकाराने तिच्यासाठी चित्र काढले : उंच टोपी घातलेला, हातात छडी घेऊन झपाझप चालणारा एक ऐटबाज गृहस्थ. मुताच्या हौदात अनवाणी उभ्या असलेल्या कारागिराला जगाने बूट घालून रस्त्यावर आणले ते असे.

९/ त्याच बाटलीवरून हे नाव मुंबईच्या चित्रसृष्टीत पोहोचले. बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर असलेल्या बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी यांचा मद्यप्याचा अभिनय गुरुदत्त यांना आवडला आणि त्यांनी त्यांचे नामकरण जॉनी वॉकर असे केले. स्वतः काझी मद्याला शिवत नसत. यॉर्कशायरच्या लोकरीशी आणि किल्मार्नॉकच्या दुकानाशी काडीचाही संबंध नसलेल्या इंदूरच्या या माणसाने ते नाव भारतात घरोघरी नेले.

१०/ अटलांटिकपलीकडे मात्र हे नाव विनोदाचा विषय नव्हते. इंग्रज आणि स्कॉटिश वसाहतकऱ्यांबरोबर ते अमेरिकेत गेले आणि तेथे गुलामगिरीच्या छायेत अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांचेही झाले. डेव्हिड वॉकर हा त्यांतील एक. त्याचा बाप गुलाम होता, पण आई स्वतंत्र असल्याने तो स्वतंत्र जन्मला. बॉस्टनमध्ये त्याचे जुन्या कपड्यांचे दुकान होते. १८२९ मध्ये त्याने गुलामगिरीविरुद्ध जळजळीत ‘आवाहन’ छापले. त्याच्या प्रती खलाशांच्या कोटांच्या अस्तरात शिवून दक्षिणेत धाडल्या जात, असे सांगितले जाते. कापडावरून पडलेले नाव पुन्हा कापडाच्याच आश्रयाला गेले.

११/ १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. मुक्त झालेल्यांची आडनावे आता सरकारी कागदांवर उतरू लागली. कोणाचे जुन्या मालकाचे, कोणाचे आधीपासून आपसांत चालत आलेले, कोणाचे स्वतः निवडलेले. २०१० च्या जनगणनेत अमेरिकेत वॉकर आडनावाची ५ लाखांहून अधिक माणसे होती आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय.

१२/ त्यांच्यापैकीच एक म्हणजे १९४४ मध्ये जॉर्जियातील ईटनटन येथे जन्मलेल्या अ‍ॅलिस वॉकर. ‘द कलर पर्पल’ या कादंबरीसाठी १९८३ चे पुलित्झर पारितोषिक त्यांना मिळाले; कथनात्म साहित्यासाठी हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. लग्नानंतरही त्यांनी माहेरचे आडनाव सोडले नाही. त्याचे कारण त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांच्या खापरपणजीची आई गुलाम म्हणून व्हर्जिनियातून जॉर्जियापर्यंत पायी आली होती, दोन्ही कडेवर दोन तान्ही मुले घेऊन. त्या चालण्याची आठवण म्हणून त्यांनी ‘वॉकर’ हे नाव जवळ केले.

१३/ व्युत्पत्तीचा कोश हा अर्थ चुकीचा ठरवील. कोशाच्या लेखी या नावाचा पायी चालण्याशी संबंध नाही. ते लोकर तुडवण्याचे नाव आहे. पण चौदाव्या शतकातील कारकुनाने डोईपट्टीच्या यादीत ‘वॉकर’ लिहिले, तेव्हा हौदातल्या माणसाला कोणी विचारले नव्हते. व्हर्जिनियातून चालवत आणलेल्या त्या आईलाही कोणी काही विचारले नव्हते. तिच्या वंशातील एका मुलीने मात्र तेच नाव विचार करून, कारण सांगून स्वीकारले. शतकानुशतके लादले गेलेले नाव निदान एकदा तरी असे हवेसे म्हणून घेतले गेले, आणि तेही पुन्हा शिणलेल्या पायांच्याच स्मरणार्थ.