किल्ली कोणी मागायची?

मैत्रिणींनो, तुमच्या घरात अशी एखादी वस्तू आहे का, की जिच्यावर तुमच्या यजमानांचा तुमच्यापेक्षा अंमळ जास्तच जीव आहे? असणारच! कुणाकडे जुना रेडिओ असतो, कुणाकडे वडिलांचं घड्याळ. आमच्याकडची वस्तू जरा मोठी आहे. तिला चार चाकं आहेत, रोज सकाळी तिला फडक्यानं पुसावं लागतं आणि थंडीत ती सुरू होताना असा काही खोकला काढते, की शेजारच्या काकू घड्याळ न बघता म्हणतात, "साडेनऊ झाले वाटतं!"

आमची प्रीमियर पद्मिनी. साय असते ना दुधावरची, तसल्या रंगाची. १९८१ साली घेतली. नवी कोरी घेतली आणि तेव्हापासून दुसऱ्या कुणाच्या नावावर गेली नाही. हे वकील. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात आमच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ सुरू झालं आणि दिवाळीच्या सुमारास आमच्या दारात ही गाडी आली. त्यामुळे हे नेहमी म्हणतात, "त्या वर्षी मराठवाड्याला दोन गोष्टी मिळाल्या."

त्या काळी मोटार म्हणजे पैसे टाकले आणि आणली, असं नव्हतं. आधी नाव नोंदवायचं, अनामत भरायची आणि मग वर्षानुवर्षं वाट बघत बसायचं. आमचा धाकटा जन्माला यायच्या आधी नोंदवलेली गाडी तो चालायला लागल्यावर आली! चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर हळदकुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि सासूबाईंना पुढे बसवून खडकेश्वराला दर्शनाला गेलो. पुढची सीट सलग, बाकासारखी. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. त्यामुळे पुढे तिघं आरामात बसत. खिडकीला ती छोटी तिकोनी काच. ती तिरकी केली, की वारा थेट तोंडावर. एसी नव्हता, पण आमचं काही अडलं नाही.

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार व्हायची. आधी तिला फिएट म्हणायचे. १९७४ पासून ती पद्मिनी झाली, पण आमच्या मोलकरणीपासून कोर्टातल्या शिपायापर्यंत सगळे अजून "फियाट"च म्हणतात. कारखाना बंद झाला. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाली, तेव्हा पेपरात फोटो आला होता. ह्यांनी तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. त्या दिवशी जेवताना फारसं बोलले नाहीत.

तुम्ही म्हणाल, हे जरा अतीच झालं. पण असं वेड असणारे आमचे हे एकटेच नाहीत बरं! देशातली पहिली मारुती ८०० ज्यांना मिळाली, ते दिल्लीचे हरपाल सिंग. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी स्वतःच्या हातानं त्यांना किल्ली दिली. २०१० साली ते वारले, तोवर ती गाडी त्यांच्याकडेच होती. आणि अमेरिकेत आयर्व्ह गॉर्डन नावाचे एक मास्तर होते. त्यांनी १९६६ साली घेतलेली व्होल्वो शाळेत जायला यायला रोज वापरली आणि २०१३ साली त्या एका गाडीवर तीस लाख मैल पूर्ण केले! ह्यांना ही दोन्ही नावं पाठ आहेत. मुलानं "बाबा, आता नवी घ्या" म्हटलं, की ती ऐकवायची. याच आमच्या शहरात २०१० साली काही लोकांनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, देशभर गाजावाजा झाला. हे मात्र आपल्या फियाटचं बॉनेट उघडून म्हणाले, "त्यातल्या किती जणांना प्लग साफ करता येतो, विचार!"

तर असं सगळं कौतुकानं चाललं होतं. गाडीची हेळसांड कधी झाली नाही. आमचे मिस्त्री जुने, विश्वासाचे. अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल यायला लागलं, ते जुन्या रबराला सोसत नाही म्हणून त्यांनी नळ्या बदलून दिल्या. चारही चाकांचे ब्रेक जुन्या ड्रमचे, ते वेळच्या वेळी बघितले जातात. सरकारी कागदही चोख. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून नोंदणी नवी करून घ्यावी लागते. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार. मी कुरकुरले. हे म्हणाले, "तुझ्या एका पैठणीचे पैसेसुद्धा नाहीत." पुढे मी काय बोलणार?

गाडी अशी तपासली जायची. चालवणाऱ्याला कोण तपासत होतं?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. दिवेलागणीला आम्ही दोघं लग्नाच्या स्वागत समारंभाला निघालो होतो. क्रांती चौकाच्या अलीकडे मी पर्समध्ये आहेराचं पाकीट शोधत होते. मान खाली. एकदम कर्कश ब्रेक लागला आणि मी पुढे आपटले. मान वर केली तर माझ्याच दाराशी, हातभर अंतरावर, स्कूटीवर एक मुलगी. कॉलेजातली असेल. पाय टेकवून उभी, तोंड पांढरंफटक. तिनेच प्रसंगावधान राखलं म्हणून वाचली. ती काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघून निघून गेली.

हे म्हणाले, "मध्येच घुसली. आजकालच्या मुली!"

पण मैत्रिणींनो, ती मध्ये घुसली नव्हती. ती आमच्या डावीकडून सरळ चालली होती.

रात्री झोप येईना. पडल्या पडल्या एक गोष्ट ध्यानात आली आणि अंगावर काटाच आला. गेली चार-पाच वर्षं मी गाडीत बसले, की हे म्हणायचे, "डावीकडे कुणी आहे का गं, बघ जरा." मी बघायची. "या, या" म्हणायची. "थांबा, रिक्षा आहे" म्हणायची. बायकोशी बोलायची सवय, म्हणून मी त्याचं काही मनावर घेतलं नव्हतं. त्या दिवशी मी पर्समध्ये डोकं घातलं आणि डावी बाजू बघायला कुणी उरलंच नाही. मग मनात आलं, रोज सकाळी हे कोर्टात एकटे जातात. तेव्हा डावीकडे कोण बघतं?

सकाळी उठून आधी गाडीच्या डाव्या अंगाला गेले. मडगार्डवर तीन पोचे. एक मला माहीत होता. उरलेले दोन ह्यांनी सांगितले नव्हते.

आता किल्ली मागायची कुणी? मुलगा म्हणाला, "आई, तूच सांग. माझं ऐकणार नाहीत." लेक फोनवरून म्हणाली, "हळूच लपवून ठेव." नवऱ्याची किल्ली लपवायची? लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घेतात, तशी? ते मला पटेना. पंचेचाळीस वर्षं ज्यांनी कधी एका शब्दानं माझा पाणउतारा केला नाही, त्यांचा असा करायचा?

एके दिवशी चहा देताना सरळ बोलले. "अहो, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

वकीलच ते! "पुरावा काय?"

"मीच साक्षीदार आहे की!"

"माझी नजर उत्तम आहे. आत्ता दाखवतो."

परवान्याच्या अर्जासोबत डॉक्टरांचा दाखला लागतो. त्यात एक प्रश्न असतो, की पंचवीस मीटरवरून, दिवसाउजेडी, चष्मा लावून मोटारीच्या नंबराची पाटी वाचता येते का. तुम्हीही घरी करून बघा. मीटरची टेप नसेल तर मोठी मोठी तीसेक पावलं मोजा. आम्ही गल्लीत मोजली. समोरच्या बंगल्यापुढे उभ्या असलेल्या गाडीचा नंबर ह्यांनी धडाधड वाचून दाखवला. वर माझ्याकडे बघून, "तू वाच बघू!" मला दोन आकडे नीट लागेनात. गल्लीतली पोरं हसली. मी हरले.

पण माझं मन मानेना. पाटी वाचता येते, मग मुलगी का दिसली नाही?

शेवटी मी माझ्याच चष्म्याचं निमित्त काढलं आणि ह्यांना नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन गेले. "आलाच आहात तर तुम्हीही दाखवा" असं डॉक्टरीणबाईंनीच म्हटलं. डोळ्यांचा दाब बघितला. मग एका यंत्रापुढे बसवलं. समोर बघत राहायचं आणि कडेला कुठे बारीक उजेड लुकलुकला, की बटण दाबायचं. शेजारी उभ्या असलेल्या मला उजेड दिसत नव्हते, पण ह्यांचा हात दिसत होता. तो कितीतरी वेळ हललाच नाही.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त.

बाईंनी फार छान समजावून सांगितलं, तेच तुम्हाला सांगते. मोतीबिंदूत सगळंच धूसर होतं, म्हणून माणूस तक्रार करतो. काचबिंदू बहुधा कडेनं खातो. समोरचं अक्षर लखलखीत दिसतं, पेपर वाचता येतो, पाटी वाचता येते. कडेचं कधी गेलं ते कळतच नाही. दुखत नाही, खुपत नाही. आणि गेलेलं परत येत नाही. थेंब घालून उरलेलं जपायचं, इतकंच. म्हणून चाळिशीनंतर नुसता चष्म्याचा नंबर काढून समाधान मानू नका. डोळ्यांचा दाब आणि आतली नस तपासून घ्या. यजमानांचीही आणि स्वतःचीही.

बाईंनी कागद दिला. त्यावर दोन गोल, त्यात काळे डाग. ह्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे ती मुलगी डावीकडूनच येत होती?"

मी म्हटलं, "हो."

घरी आम्ही रिक्षानं आलो. गाडी मुलगा घेऊन आला. ह्यांनी किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला अडकवली. मागावी लागली नाही. दोन दिवस कोर्टात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "ते इंग्लंडच्या राणीचे यजमान होते ना, प्रिन्स फिलिप, त्यांनी ९७ व्या वर्षी गाडी धडकवली होती. जानेवारी २०१९. उन्हाची तिरीप आली म्हणाले. दुसऱ्या गाडीतल्या बाईचं मनगट मोडलं. पुढच्याच महिन्यात त्यांनी परवाना परत केला." मी म्हटलं, "मग?" "मग काही नाही. मनगटावर निभावलं, म्हणून."

जपानात पंचाहत्तरीनंतर परवाना नवा करताना स्मरणशक्तीचीही परीक्षा घेतात म्हणे. आपल्याकडे पंचावन्ननंतर दर पाच वर्षांनी परवाना नवा करायचा आणि डॉक्टरांचा दाखला जोडायचा, एवढं आहे. पण पाच वर्षांत किती काय होतं! आणि रोज शेजारी बसून ते बघत कोण असतं? आपणच. म्हणून कुणाकडूनच सही घेऊ नका. ती तपासणी खरी करून घ्या. गाडीवर नवे पोचे दिसले, समोरून दिवे आले की हे थबकायला लागले, "जरा बघ गं" वाढलं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. मी नेलं होतं.

आणखी एक चूक कबूल करते. १९८५ च्या सुमारास विद्यापीठाच्या मोकळ्या रस्त्यावर ह्यांनी गाडी थांबवून मला म्हटलं होतं, "बस इकडे, शिकवतो." मी पदर तोंडाला लावून हसले होते. तेव्हा बसले असते तर आज ह्यांना कोर्टात मीच सोडलं असतं. तुम्ही हसू नका. बसा.

आता कोर्टाला महिन्याची रिक्षा ठरवली आहे. आधी कानकोंडे व्हायचे, आता रिक्षावाल्याला कायदा शिकवतात. पण रोज साडेनऊला अंगणात जाऊन गाडी पुसतात आणि जागेवरच पाच मिनिटं सुरू ठेवतात. शेजारच्या काकूंचं घड्याळ चुकलेलं नाही.

रविवारी मात्र सूनबाई चालवते. तिला आधी तो स्टिअरिंगचा गिअर जमेना. "बाबा, हा काय प्रकार आहे!" म्हणायची. ह्यांनी न रागावता पंधरा दिवस शिकवलं. आता तिघं पुढे बसतो. ती उजवीकडे, मी मध्ये आणि हे डावीकडे, माझ्या जागेवर.

मुलगा म्हणतो, २०३१ मध्ये गाडी पन्नाशीची झाली, की विंटेज म्हणून तिची वेगळी नोंदणी करता येईल. पण नियम असा, की मग ती रोजच्या वापरात आणायची नाही, फक्त प्रदर्शनाला वगैरे न्यायची. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नको. तोवर मी पंच्याऐंशीचा होईन. दोघंही प्रदर्शनात कशाला?"

मागच्या रविवारी जालना रोडवर वळताना सूनबाई सवयीनं म्हणाली, "बाबा, डावीकडे कुणी आहे का?"

ह्यांनी मान पूर्ण वळवली, नीट बघितलं आणि मग माझ्या हाताला हळूच कोपर लावून म्हणाले, "तू पण बघ गं."