‘स्वतः’ म्हणजे कोण?

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ वर्गात वाचताना दरवर्षी कोणीतरी अडखळते. वाक्य सरळ असते, शब्द ओळखीचे असतात. पण ‘स्वतः’ घरी आले, ‘स्वतः’ म्हणाले, असे आले की हे कोण ते कळेनासे होते. मग सांगावे लागते, की ‘स्वतः’ म्हणजे न्यायमूर्ती. पतीचे नाव उच्चारायचे नाही ही त्या काळाची रीत. ‘इकडून’, ‘तिकडून’ असे आडमार्ग घरोघर रूढ होते, त्यांतलाच हा एक. वर्ग हसतो आणि वाचन पुढे सरकते. आत्मकथनाच्या मुळाशी जो शब्द असायचा तोच लेखिकेने दुसऱ्या माणसासाठी खर्चून टाकला आहे, ही गोष्ट मात्र इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतरही आमच्या अंगवळणी पडलेली नाही.

हे पुस्तक १९१० चे. न्यायमूर्ती १९०१ मध्ये गेले आणि आठवणीही तेथेच थांबतात. पुस्तक निघाले तेव्हा रमाबाई पुण्यात सेवासदनाच्या कामात होत्या. पुढे १९२४ पर्यंत त्या जगल्या. ते सार्वजनिक आयुष्य कथनात नाही. शीर्षकातला ‘आमच्या’ हा शब्द त्यांनी तंतोतंत पाळला : ‘आम्ही’ संपलो, तेथे सांगणे संपले. म्हणून हे पतिचरित्रच आहे असे म्हणून पुस्तक बाजूला सारता येते का? तसे नाही. लग्न होऊन आलेली, अक्षरओळख नसलेली मुलगी; पतीने तिला शिकवायला घेतलेले; आणि त्याच शिकण्यापायी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष. या ओढाताणीची पाने पुस्तकात सर्वांत जिवंत आहेत. पतीची महती सांगण्याच्या परवानगीवर रमाबाई आपली गोष्ट आत आणतात, आणि ती महतीपेक्षा अधिक टिकाऊ ठरते.

लक्ष्मीबाई टिळकांची तऱ्हा वेगळी. त्या पतीला सरळ ‘टिळक’ म्हणतात. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला. लेखनाला निमित्त झाले तेही टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या म्हणून. म्हणजे दार येथेही पतीच्याच नावाचे. पण त्या दारातून आत आलेल्या बाईने सगळे घरच ताब्यात घेतले. तिला ते जमले विनोदामुळे. स्वतःच्या फजितीला आधी स्वतःच हसणाऱ्या बाईला आपला समाज पुष्कळ काही बोलू देतो. धर्मांतराने झालेली ताटातूट, सोवळ्याओवळ्याशी झालेला तिचा झगडा, हे सारे त्या हसण्याच्या आडून येते. आणि आमच्या परीक्षापद्धतीचे कौतुक असे, की ‘स्मृतिचित्रे’वरचा ठरलेला प्रश्न असतो : या ग्रंथातून दिसणारे ना. वा. टिळकांचे व्यक्तिदर्शन! पुरुषाच्या आत्मचरित्रात आपण वैचारिक जडणघडण शोधतो, कालपट शोधतो. बाईच्या आत्मचरित्राला ‘सहज’, ‘निरागस’, ‘घरगुती’ ही तीन विशेषणे पुरेशी वाटतात. ही वाङ्मयीन समीक्षा नव्हे, ही वाटणी आहे.

कर्वे पतिपत्नींची पुस्तके शेजारी ठेवली की ही वाटणी नीट दिसते. धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ चे. अत्यंत प्रांजळ माणूस. पण आयुष्याची वाट मैलाचे दगड मोजत जाते ती संस्थांच्या दिशेने. आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ १९४४ चे, सून कावेरी कर्वे यांनी संपादिलेले. त्यात त्याच ध्येयवादाची घरातली बाजू आहे : पैशाची चणचण, मुले, लोकांची बोलणी, विधवेने पुनर्विवाह केला म्हणून वाट्याला आलेला बहिष्कार. नावेच पाहा. ‘आत्मवृत्त’ हा शब्द ताठ उभा आहे. ‘पुराण’ म्हटले की ‘पुरे तुझे पुराण’ हे लगेच आठवते. आपले बोलणे लांबणार आणि ऐकणारा कंटाळणार, याची माफी बाईने मुखपृष्ठावरच मागून ठेवली आहे. की टोला मारला आहे? आनंदीबाईंचा स्वभाव पाहता आम्हाला दुसरेच खरे वाटते.

सगळ्यांनाच हे निमित्त मिळते असे नाही. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ची वह्या कितीतरी वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवल्या. त्यांच्या शीर्षकातले ‘आमुचं’ मात्र रमाबाईंच्या ‘आमच्या’हून फार दूरचे, त्यात नवराबायको नाहीत, अख्खा महारवाडा आहे. सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’ने १९९० मध्ये जी खळबळ माजवली तीत वाचकांचा मुख्य आक्षेप पु. लं.विषयी असे का लिहिले, हाच होता. बाईंनी स्वतःची किती कठोर झडती घेतली आहे, याकडे कमी जणांचे लक्ष गेले.

पुरुषालाही साचा चुकत नाही, हे आम्हाला पुस्तकांपेक्षा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून अधिक कळले. घरातल्या वृद्धांची जीवनकथा त्यांच्या तोंडून लिहून आणा, असे काम आम्ही एम. ए.च्या वर्गाला देतो. आजोबांच्या कथेत नोकरी, बदली, बढती, निवृत्ती, सालासकट. आजी सांगते ते ‘थोरला पोटात होता तेव्हा’, ‘दुष्काळाच्या साली’. आजोबा म्हणतात, ‘मी घर बांधलं.’ आजी म्हणते, ‘घर झालं.’ मुलांची शिक्षणं ‘झाली’, लग्नं ‘झाली’. जणू पाऊस पडावा तशी. मराठीतले हे ‘होणे’ किती बायकांच्या कष्टांवर पांघरूण घालत आले आहे!

एका विद्यार्थ्याचे आजोबा गिरणी कामगार. त्यांची कथा १९८२ च्या संपापर्यंत तपशीलवार आली आणि मग एकदम नातवाच्या जन्मावर पोहोचली. मधली वर्षे नाहीत. संप, मोर्चे यांविषयी ते भरभरून बोलले. घरी बसलेल्या पुरुषाची गोष्ट सांगायला त्यांच्याजवळ भाषाच नव्हती. त्या वर्षांत आजीने जेवणाचे डबे करून घर चालवले होते. ही हकीकत विद्यार्थ्याने शेवटी टीप म्हणून जोडली होती. ती मुख्य मजकुरात घे, असे आम्ही सुचवले. आठवड्याने तो परत आला. आजी नको म्हणत होती. ‘ह्यांना वाईट वाटेल’ एवढेच तिचे म्हणणे.

अंतिम प्रतीत डबे आले. वाक्य असे होते : ‘त्या काळात घरातून डबे दिले जात.’