डॉक्टरांना मात्र आजच सांग

प्रिय वहिनी,

गोळी बंद करू नकोस. फोनवर एवढंच घाईघाईने सांगता आलं, कारण आई शेजारीच उभी आहे हे तुझ्या नुसत्या हुंकारांवरून कळत होतं. दादा आज कामासाठी इथे नाशिकला आलाय आणि रात्रीच्या गाडीने साताऱ्याला परत निघतोय. त्याच्या हाती हे पत्र देते आहे. सकाळी मिळालं की आधी गोळी घे, मग निवांत वाच.

पाळी चुकून आठवडा झाला, चाचणीत दोन रेघा आल्या, हे ऐकून मला काय वाटलं ते तुला माहीत आहे. मागच्या वर्षी जे झालं त्यानंतर ही बातमी सांगतानाही तुझा आवाज दबलेला होता. त्याविषयी खाली लिहिते. आधी तातडीचं.

आईने तुला दोन गोष्टी सांगितल्या आहेत. दिवस राहिलेत तर आता औषधं नकोत, ती थायरॉईडची गोळीही तीन महिने राहू दे. आणि तिसरा महिना उलटेपर्यंत कुठे बोलायचं नाही, दवाखान्यातही तेव्हाच जाऊ. दोन्ही गोष्टी ती मायेनेच सांगते आहे. पोटात मूल असताना मनाने औषधं घेऊ नयेत हे बहुतेक औषधांच्या बाबतीत खरंच आहे. आणि तीन महिने गुपचूप राहण्याची आपली रीत मला कधीच खुळी वाटली नाही. सुरुवातीचे काही गर्भ टिकत नाहीत. साऱ्या भावकीला आनंदाने सांगावं आणि पुढच्याच महिन्यात एकेकीला नाही म्हणून सांगत बसावं, ही वेळ बाईवर येऊ नये म्हणून कुणीतरी शहाण्या बायकांनी ती रीत पाडली असणार. नजर लागण्याचं भय मागून चिकटलं असेल. पण तुझ्यामाझ्यासारख्यांना या रितीतून एक माणूस वगळावाच लागतो, तो म्हणजे आपला डॉक्टर. कारण बाळाला आपल्या थायरॉईडची सर्वांत जास्त गरज असते ती याच तीन महिन्यांत.

ते कसं, तेही सांगते. अकरावी-बारावीच्या पोरांना मी जीवशास्त्र शिकवते, पण क्रमिक पुस्तकात हे येत नाही. बाळाच्या गळ्याशी थायरॉईड ग्रंथी फार लवकर आकार घेते, पण तिच्यात स्वतःचं हार्मोन बनायला साधारण बारावा आठवडा उजाडतो, आणि ती भरवशाने काम करू लागेपर्यंत अठरावा-विसावा आठवडा येतो. मेंदूची उभारणी मात्र त्याआधीच सुरू झालेली असते. पेशी तयार व्हायच्या, त्यांनी आपापल्या जागी सरकायचं, या सगळ्याला ते हार्मोन, थायरॉक्सिन, लागतं आणि तोवर ते फक्त तुझ्या रक्तातून मिळतं. ज्या महिन्यांत गोळी थांबव असं तुला सांगितलं जातंय, त्या महिन्यांत बाळाला दुसरीकडून काहीही मिळायची सोय नाही.

हे शास्त्रज्ञांनाही उशिरा पटलं, बरं का. वार हे हार्मोन जवळपास पलीकडे जाऊच देत नाही, असं बराच काळ मानलं जात होतं. मग नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 1989 मध्ये काही नवजात बाळांविषयी लिहिलं. या बाळांना जन्मतः थायरॉक्सिन अजिबात बनवता येत नव्हतं. काहींना तर ग्रंथीच नव्हती. तरीही त्यांच्या नाळेच्या रक्तात थायरॉक्सिन होतं, कमी होतं पण होतं, आणि जन्मानंतर थोड्याच दिवसांत ते नाहीसं झालं. ते आईचं होतं. नऊ महिने तिने आपल्यातलं दिलं होतं आणि तिला त्याची कल्पनाही नव्हती. मला हा सगळा शोध फार हलवून जातो. आपली ग्रंथी आपल्याच शरीराने उठून पोखरली आहे, या आजाराला हाशिमोटोंचं नाव आहे, रिपोर्टात अँटीबॉडी वाढलेल्या आहेत. तरी आपण ते देऊ शकतो, या एका गोळीमुळे.

म्हणून तिला औषध म्हणू नये असं मला वाटतं. विहीर आटली की टँकरने पाणी आणून त्यात सोडावं, तशी ती आहे. पाणी तेच, फक्त बाहेरून आलेलं. गोळीतल्या थायरॉक्सिनचा रेणू आणि निरोगी ग्रंथीतल्या थायरॉक्सिनचा रेणू यांत काही फरक नाही. आईने मागे एकदा विचारलं होतं, ही प्राण्यांच्या ग्रंथीपासून करतात का म्हणून. तो काळ होता. 1891 मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका बाईला अक्षरशः उठवून बसवलं, आणि ती पुढे 28 वर्षं जगली. पण थायरॉक्सिन प्रयोगशाळेत बनवता येऊ लागलं त्याला शंभरेक वर्षं होत आली. तुझ्या बाटलीतली गोळी तशी बनवलेली आहे, हे आईला सांग.

गोळी चालू ठेवून भागणार नाही, ती वाढवावी लागेल. यासाठीच डॉक्टरांना तीन महिन्यांनी नाही, हे पत्र मिळेल त्याच दिवशी सांगायचं आहे. दिवस राहिले की शरीरात इस्ट्रोजन चढतं, त्याने रक्तात थायरॉक्सिन धरून ठेवणारं प्रथिन वाढतं आणि मोकळं थायरॉक्सिन कमी पडायला लागतं. बाळाचा वाटा जातो, वारही काही भाग मोडून टाकते. चांगल्या ग्रंथीला गर्भाचंच एक हार्मोन ढोसून जास्त काम करायला लावतं, पण आपली ग्रंथी ढोसल्यावरही उठत नाही. बोस्टनच्या डॉक्टरांनी 2004 मध्ये आपल्यासारख्या बायकांची 20 गरोदरपणं पहिल्यापासून तपासत नेली. त्यांतल्या 17 वेळा डोस वाढवावा लागला, पहिल्या निम्म्या काळात सरासरी 47 टक्क्यांनी, आणि काहींच्या बाबतीत ही गरज पाचव्या आठवड्यातच सुरू झालेली होती. डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्या हिशोबाने तू आज पाचव्यातच आहेस.

तेव्हा हे वाचून झालं की लगेच फोन करून एवढंच म्हण: मला थायरॉईड आहे, 75 ची गोळी चालू आहे, चाचणी पॉझिटिव्ह आली आहे, डोस किती करू आणि रक्त कधी देऊ? पुष्कळ डॉक्टर पहिला रिपोर्ट यायच्या आतच आठवड्याला 7 च्या जागी 9 गोळ्या सुरू करायला सांगतात, म्हणजे आठवड्यातले दोन दिवस दुप्पट. तुझे डॉक्टर काय म्हणतात ते बघ आणि तसंच कर. मनाने वाढवू नकोस, जास्त झालेलंही चांगलं नसतं. मग दर चार आठवड्यांनी टीएसएचची रक्ततपासणी, साधारण निम्मे दिवस भरेपर्यंत, आणि पुढे तिसाव्या आठवड्याच्या आसपास पुन्हा एकदा. आकडा 2.5 च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. केस गळतात म्हणून तू बायोटिनच्या गोळ्या घेत होतीस ना? त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांग आणि रक्त देण्याआधी दोन दिवस तरी बंद ठेव; त्यांनी रिपोर्टातले आकडे चक्क खोटे येऊ शकतात.

आता घरातल्या वेळा. खरी गडबड इथे होते. गोळी उठल्याबरोबर, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा ते एक तास काही नाही. चहाही नाही. आई बातमी कळल्यापासून सकाळी उठल्या उठल्या केशर घातलेलं दूध देते आहे असं दादा म्हणाला. ते दूध रात्रीवर ने. तिला वाईट वाटेल, पण दुधातलं कॅल्शियम ही गोळी आतड्यात नीट शोषू देत नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या आता सुरू होतील. त्यांच्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर हवं, आणि लोह व कॅल्शियमही एकत्र घ्यायचं नसतं. मी कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायचे आणि लोह सकाळच्या गोळीनंतर चार तास उलटले की अकराच्या सुमारास, लिंबूपाण्याबरोबर. तुझी शाळा अकराला भरते, तर लोहाची गोळी आणि लिंबूपाणी डब्यासोबत घेऊन जा. सगळ्या गोळ्या एका डबीत भरून सकाळी एकदम घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांचा टीएसएच चढतो आणि डोस वाढत राहतो, चूक कुठे आहे ते कुणी विचारत नाही. सकाळी फार उलट्या होऊ लागल्या आणि गोळी पडू लागली, तर रात्री जेवल्यावर तीन तासांनी घेतली तरी चालते, मग कॅल्शियम आणि दूध रात्री नको, पण ते डॉक्टरांच्या कानावर घाल. संकष्टीलाही घ्यायची. बाटली बदलताना कंपनी बदलू नकोस, दुकानदाराने दुसरी पुढे केली तर नाही म्हण.

आणि तुमच्याकडे अलीकडे रोजच्या भाजीत सैंधव मीठ पडायला लागलंय, ते आपलं उपासापुरतं ठेवा. बाळाची ग्रंथी बारा आठवड्यांनी कामाला लागेल तेव्हा तिला आयोडीन लागेल, आणि गरोदर बाईला दिवसाला 250 मायक्रोग्रॅम आयोडीन हवं असतं. साधं आयोडीनवालं मीठ आण. कोबी-फ्लॉवर शिजवून खाल्लेला चालतो, त्याची भीती नको.

दादाने रात्री जागून काहीतरी वाचलं आहे, मुलांचा बुद्ध्यांक कमी होतो वगैरे, आणि आज जेवताना तो गप्प होता. मी त्याला बसवून सांगितलं, तुलाही सांगते. ते अमेरिकेतल्या 1999 च्या अभ्यासातलं आहे. ज्यांच्या थायरॉईडचा आजार गरोदरपणी उपचाराविना राहिला होता त्या बायकांची मुलं सात-नऊ वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा सरासरी 7 गुणांचा फरक आढळला. उपचाराविना, हे त्यातलं महत्त्वाचं. तू उपचारावर आहेस. आणि ज्यांचं बिघडलेलं अगदी थोडंच असतं, त्यांना गरोदरपणी गोळी दिल्याने मुलांच्या बुद्ध्यांकात फरक पडतो का, हे पुढे मोठ्या अभ्यासांत तपासलं, 2012 मध्ये आणि 2017 मध्ये. फरक दिसला नाही. म्हणजे एखाद्या महिन्यात तुझा आकडा 2.5 च्या जागी 3.4 आला तर रात्रभर रडायचं नाही. डोस सुधारायचा आणि पुढच्या महिन्यात परत बघायचं.

मागच्या वर्षीबद्दल. तेव्हा तुझा थायरॉईड माहीतच नव्हता, आणि तो कळल्यापासून तू सगळं स्वतःवर घेतलंस. पाळी पुढेमागे होत होती, दिवस राहायला वेळ लागला, यामागे तो होता हे शक्य आहे. ग्रंथी मंदावली की मेंदूतून सुटणारे इशारे बिघडतात, प्रोलॅक्टिन वाढतं, बीज वेळेवर सुटत नाही. उपचार नसले तर गर्भ पडण्याचा धोका वाढतो, हेही खरं. पण सुरुवातीला पडणाऱ्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांची चूक असते, आणि ती कुणाच्या हातात नसते. तुझ्या बाबतीत काय झालं ते आता कुणीच सांगू शकणार नाही. तू जिना चढलीस म्हणून नाही, पपई खाल्लीस म्हणून नाही, आणि पोटच्या पोरावर माया कमी होती म्हणून तर नाहीच नाही. घरात कुणी तसं सुचवलं असेल तर ते चुकीचं आहे, मग सुचवणारी माझी आई का असेना.

पुढचं एक आत्ताच सांगून ठेवते, कारण तेव्हा धावपळ असते. बाळंत झालीस की डोस पूर्वीइतका करतात आणि सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात. अंगावर पाजताना गोळी चालते. आणि बाळ दोन-तीन दिवसांचं झालं की त्याच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन त्याचा टीएसएच बघायला सांग. आपल्याकडे सगळीकडे तो आपोआप करत नाहीत, मागावा लागतो. हजारेक बाळांत एखाद्याची ग्रंथी जन्मतः नीट काम करत नाही; त्याचा तुझ्या आजाराशी बहुधा संबंधही नसतो, पण लगेच कळलं आणि औषध सुरू केलं तर मूल छान वाढतं, राहून गेलं तर नुकसान भरून येत नाही.

आईशी मी उद्या दुपारी बोलते. तिला हे माहीत नाही, पण माझी दोन्ही पोरं याच गोळीवर झाली. उगाच तिच्या जिवाला घोर नको म्हणून मी माहेरी कधी बोलले नव्हते. जिला ती आपल्या घराण्यातली सर्वांत हुशार नात म्हणून साऱ्या आळीला सांगते, त्या दुसरीतल्या पोरीच्या वेळी माझा डोस 50 वरून 88 वर गेला होता. हे तिला माझ्याकडूनच कळू दे, तू मध्ये पडू नकोस. बाकी बाहेर कुणाला सांगणार नाही, तुमचे तीन महिने तुमचेच आहेत.

डॉक्टरांनी सांगितलेला डोस मला कळव, आणि रिपोर्ट आला की त्याचा फोटो पाठव.

तुझी नणंद